मोह सोडा, जीवन जोडा

केळापूर, ५ मार्च २०२५

प्रिय नरहर,

सलाम. फोनवर तू उपदेशाला लागतोस आणि मी फोन ठेवून देते, म्हणून पत्र लिहिते आहे. पत्रात मधे बोलता येत नाही, हा मला त्याचा मोठाच गुण वाटतो.

तुझ्या दाजींच्या कबरीचा दगड तयार झाला. पांढरकवड्याच्या कारागिराने नाव चांगलं कोरलं आहे. खाली 'निवृत्त वाहक, एसटी' असं घातलं. तो म्हणाला, "बाई, कबरीवर निवृत्त कायले लिहिता? आता तर सारेच निवृत्त." मी म्हटलं लिही, त्यांना आवडायचं ते.

२६ एप्रिलला वर्ष होतं. त्या सकाळी दगड बसवायचा आणि प्रार्थना करायची. पाळक तू, प्रार्थना तू करायचीस. हे माझं नाही, त्यांचं म्हणणं आहे. दवाखान्यात मला म्हणाले होते, "नरहर लांबवेल, पन त्यालेच सांगजो." जन्मभर ज्या माणसाने गाडी वेळेवर सोडली त्याने तुझी लांब प्रार्थना मागून घेतली, यावरून काय ते समज.

तू मागे म्हणालास की क्षितिज एकटा येणार असेल तरच मी येईन. क्षितिज येणार आहे. एकटा की कसा ते मी विचारलं नाही. किती जण येणार हे आई विचारते ते भाकरी थापायच्या म्हणून, आणि भाकरींना अजून वेळ आहे.

बाकी ठीक. वादळात छपराचे पत्रे उडाले होते, ते बसले. कूलरची मोटर जळाली होती, तीही झाली. कुणी केलं म्हणशील तर येतं एक जण अधूनमधून. संध्याकाळी मी अजून दोन ताटं काढते आणि एक परत मांडणीवर ठेवते. पूर्वी ठेवताना रडायचे, आता नुसती ठेवते.

तुझी ताई,
सुनीती

केळापूर, १४ मार्च

प्रिय नरहर,

सलाम. तुझ्या घरात तुझी लेक मिताली आहे आणि तिच्या हातात फोन आहे, हे मी विसरले होते. क्षितिजने टाकलेला फोटो तिने तुला दाखवला म्हणतोस. तर हो, पत्र्यावर हातोडा घेऊन बसलेला तो अश्वजितच. कूलरही त्यानेच केला.

तू लिहितोस, "त्या इसमाला तू घरात घेतलंस?" फोटो नीट बघ. तो घरात नाही, घरावर आहे.

आणि 'इसम' कधीपासून? मागच्या वर्षी याच कब्रस्तानात उभं राहून तू त्याचं कौतुक केलंस ते ऐकणारे सगळे जिवंत आहेत. चूक माझी नाही. नागपूरच्या दवाखान्यात पुरुष नर्सला ब्रदर म्हणतात. मी तुला फोनवर सांगायची की ब्रदर अश्वजितने रात्र जागवली, ब्रदर अश्वजितने अंग पुसलं, तर तू त्याला आपल्या ख्रिस्ती मंडळीतला धरून चाललास. कबरीपाशी 'आपले प्रिय बंधू अश्वजित' म्हणत सुटलास. नंतर त्याचा हात धरून विचारलंस, "सेवा कुठे करता?" तो म्हणाला, "आयसीयूत." तू म्हणालास, "धन्य." तो दारव्ह्याकडचा बौद्ध आहे हे मी तिथेच सांगणार होते, पण तू इतका रडत होतास की म्हटलं राहू दे.

मग नाताळात क्षितिजने तुला स्वतः सांगितलं, की ते दोघे नुसते मित्र नाहीत, जोडीने राहतात. तेव्हापासून प्रिय बंधूचा इसम झाला. मधल्या काळात त्याने केलेलं अंग पुसणं बदललं का, एवढंच विचारते.

तुला वाटतं दाजींना माहीत नव्हतं. माहीत होतं. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी दोघांना विचारलं, "तुमी दोघं एकाच खोलीत राह्यता?" क्षितिज म्हणाला, "हो बाबा." हे छताकडे पाहत म्हणाले, "मंग भाडं परवडत असन." त्यांच्या मनात काय होतं ते मला ठाऊक नाही, आणि आता विचारताही येत नाही. पण दुसऱ्या दिवशी दाढी करायला त्यांनी अश्वजितलाच बोलावलं.

तू तुझा शिष्य कपिल याला पाठवतोस, शिबिर घ्यायला, आणि क्षितिजला बसव म्हणतोस. क्षितिजला सुट्टी नाही. मी बसेन. कपिलला म्हणावं जेवायला माझ्याकडे ये. आणि विषय काय आहे तो फलकावर सरळ लिही. इथले लोक जे लिहिलेलं असतं तेच वाचतात.

तुझी ताई,
सुनीती

केळापूर, २३ मार्च

प्रिय नरहर,

सलाम. तुझं शिबिर काल पार पडलं. कपिलने तुला काही सांगितलं नसणार. तो सकाळी न जेवताच गेला, म्हणून मीच सांगते.

मुलगा चांगला आहे. कडक इस्त्री, गोड आवाज. पण विषय सरळ लिहायची लाज त्याला वाटली की तुला, देव जाणे. त्याने आपल्या देवळाच्या भिंतीवर, रस्त्याच्या बाजूने, हा एवढा फलक लावला: 'मोह सोडा, जीवन जोडा. सर्वांचे स्वागत.'

नरहर, मार्च महिना आहे. पहाटेपासून सगळा तालुका टोपल्या घेऊन झाडाखाली मोह वेचतो आहे. आपण दोघांनी वेचलेला आहे. तू पिकली फुलं खाऊन पोट बिघडवून घ्यायचास. सोलापूरला गेलास आणि मोह म्हटलं की तुला फक्त सैतान आठवायला लागला. इथे मोह म्हटलं की आधी फूल आठवतं आणि मग बाटली.

दुपारी दारूबंदीच्या विमलताई सगळ्या बाया घेऊन आल्या. देवळात आपली माणसं मोजकी, बाकी सगळ्या त्याच. कपिलला वाटलं पवित्र आत्म्याची हालचाल झाली. डोळे पुसून त्याने तुझं भाषण वाचायला घेतलं. मागच्या बाकावर पुंडलिकराव येऊन बसले. त्यांच्या शेताच्या धुऱ्यावर मोहाची झाडं आहेत, आणि फलक त्यांना लागला होता.

कपिलने पहिला प्रश्न टाकला, "मोह माणसात जन्मापासून असतो, की संगतीने येतो?"

माझ्या शेजारची मैनाबाई लगेच उठली. "संगतीनं. आमचा मानूस लग्नाआधी शिवत बी नोता. त्या शामच्या नादानं लागला."

कपिल गडबडला. त्याने तुझा कागद उलटून पाहिला. "म्हणजे, लग्नानंतरही?"

"लग्नानंतर त रोजच."

"शामबरोबर?"

"शामसंगच. नाल्याकडं जाते दोघं."

"आणि... तुम्हाला हे माहीत आहे?"

"माईत कसं नाई बाप्पा. घरी आला का वास येते ना."

मला तेव्हाच उठून सांगता आलं असतं. पण खरं सांगते, वर्षभरात मी असं बसून काही ऐकलं नव्हतं. पदर तोंडाला लावून बसले. कपिलला वाटलं मी रडते आहे.

मग पुंडलिकराव उभे राहिले. "महाराज, मोहाले पाप म्हनू नका. फूल देवानं देल्लं. त्याची भाकर होते, गुरं खाते, लेकरं खाते. भट्टी लावनं न लावनं मानसाच्या हाती हाय. फुलाले काहून शिव्या देता?"

कपिलचा चेहरा खुलला. "हेच! आमचे गुरुजी हेच म्हणतात. मोह होणं हे पाप नाही, त्याप्रमाणे वागणं हे पाप."

विमलताईंना ते पटलं नाही. "कोन सांगते हे? फुलं घरात ठेवली का भट्टी लागतेच लागते. मी वीस वर्षं पाह्यून राह्यली. फुलंच जाळा."

"फुलं जाळून खाऊ काय, तुमचं भाषन?" मैनाबाई म्हणाली.

यावर जे भांडण पेटलं ते तासभर चाललं. नरहर, तू मला पाळकांच्या परिषदेचे छापील निबंध पाठवले होतेस, ते मी डोळे फुटेस्तोवर वाचलेत, शब्दकोश घेऊन. त्यात एक विद्वान म्हणतात, आकर्षण वेगळं आणि कृती वेगळी. दुसरे म्हणतात, इच्छाच मुळात पाप, ती उपटा. तिसरे म्हणतात, देवाने जसं घडवलं तसं घडवलं. काल केळापुरात तिन्ही पक्ष हजर होते, फक्त इथे आवाज मोठे होते.

शेवटी कपिलच्या लक्षात आलं की काहीतरी भलतंच चाललंय. घाम पुसत म्हणाला, "बंधुभगिनींनो, हे शिबिर दारूबद्दल नाही. हे... पुरुषाला पुरुषाविषयी जे वाटतं, त्याबद्दल आहे."

विमलताई म्हणाल्या, "मंग आमाले काहून बसवलं इतका वेळ?"

मैनाबाईने विचारलं, "कोनाबद्दल हाय म्हनता हे?"

कपिलने मान खाली घातली. आपल्या माणसांनीही. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणाच्या तोंडून निघत नव्हतं, म्हणून मी उभी राहिले. म्हटलं, "माझ्या क्षितिजबद्दल आहे."

हे मोठ्याने बोलल्यावर बाकाला धरून उभी राहिले.

मैनाबाई माझ्याकडे वळली. "पिते काय तो?"

"नाही."

"मारते कोनाले?"

"नाही."

तिने विचार केला. मग म्हणाली, "मंग लगन लावून दे बाई त्याचं, सुदरन."

तेव्हा तिलाही सगळं कळलं असं नाही. विमलताई उठल्या आणि त्यांच्या मागे बाया गेल्या. पुंडलिकराव तेवढे जाताना म्हणाले, "फलक काढून घ्या महाराज. आमच्या फुलाचं नाव खराब होते."

कपिलने फलक काढला. तो दुमडून मी धान्यावर झाकायला ठेवला आहे. कापड चांगलं आहे.

तुझी ताई,
सुनीती

केळापूर, १० एप्रिल

प्रिय नरहर,

सलाम. तुझं मोठं पत्र मिळालं. मी शिबिराची टिंगल केली म्हणतोस. केली. पण त्या दिवसाचं मोल मीही देते आहे. विमलताईंनी बचत गटाच्या बैठकीला मला निरोप देणं बंद केलं. परवा बाजारात एक बाई माझ्या हातचे पापड घेता घेता राहिली. कालपर्यंत तेच पापड ती मिटक्या मारत खायची. मैनाबाई येते, पण रोज एक नवी मुलगी सुचवते.

आता तुझ्या मुद्द्यांकडे वळते.

तू लिहितोस, तू कठोर नाहीस. क्षितिजला जे वाटतं त्याला तू पाप म्हणत नाहीस, फक्त त्याने त्याप्रमाणे राहू नये, एकटं राहावं. हे मी पुष्कळदा वाचलं. वाईट हेतूने लिहिलेलं नाही हेही कळलं. पण नरहर, एकटं राहणं काय असतं हे तू मला लिहून कळवू नको. तुझ्या बाजूला शांता झोपते. मला वर्ष होत आलं. माझ्यावर ते देवाने आणलं, मी सोसते. दुसऱ्यावर ते मी माझ्या हाताने आणू काय? मग तो माझाच मुलगा असो नाही तर कुणाचा.

तू वचनांची यादी पाठवलीस. मी ती सगळी पवित्र शास्त्र उघडून पाहिली, मागचं पुढचं वाचून. ज्या वचनावर तू रेघ मारलीस, त्यातल्याच पापांच्या यादीत चहाड्या करणारे आहेत, लोभी आहेत, आईबापांचं न ऐकणारे आहेत. त्यांच्यासाठी शिबिर कधी? तेव्हा फलक मोठा कर, आपल्या देवळातलं कुणी सुटायचं नाही, आणि मी पहिल्या बाकावर बसेन.

आणखी एक. प्रभूने जी प्रार्थना शिकवली, जी आपण लहानपणी झोपेत म्हणायचो, तिच्यात मोह हा शब्दच नाही. तिथे परीक्षा म्हटलं आहे. मी बरेच दिवस त्यावर विचार करते आहे. परीक्षा असेल तर ती कुणाची? तू धरून चाललास की पेपर त्या दोघांचा आणि आपण वर्गात फिरणारे मास्तर. मला हल्ली वाटतं पेपर आपल्याच पुढ्यात ठेवलेला आहे, आणि तू शेजारच्याच्या कागदात डोकावतोस.

मला सगळं उमगलं असं नाही. काही ओळी अजून पुढे वाचवत नाहीत. तेव्हा पुस्तक मिटते आणि तूर निवडायला घेते. तूर निवडताना देवाशी बोललेलं जास्त जमतं.

शेवटी तू तुझी अट लिहिलीस, म्हणजे खरं पत्र तिथे सुरू झालं. तू २६ तारखेला येशील, प्रार्थना करशील, पण 'तो' कबरीपाशी नसावा, आणि ते दोघे तुझ्यासोबत एका छपराखाली झोपू नयेत. पुंडलिकरावांकडे त्यांची सोय करावी.

नाही करणार. छप्पर त्यानेच बसवलंय, त्याला त्याखालून बाहेर कसं काढू? ते दोघे आतल्या खोलीत, कूलरपाशी. तू ओसरीत, दाजींच्या खाटेवर. मी चुलीपाशी. हे ठरलं आहे. दगडाला हात लावायला अश्वजितही असेल, कारण तो जड आहे आणि तुला हर्निया आहे.

तू आला नाहीस तर प्रार्थना मी करीन. बायकांनी कबरीपाशी प्रार्थना करावी की नाही यावर तुझा वेगळा निबंध आहे, तो पाठवू नको. मला येईल तशी करीन. दाजींना लांब हवी होती. माझी दोन वाक्यांत संपेल आणि उरलेला वेळ मी नुसती उभी राहीन. तुला हे चालत असेल तर सोलापुरातच राहा.

मला चालणार नाही, हेही लिहून ठेवते. मला तू हवा आहेस. पण त्यासाठी मी त्या दोघांना देणार नाही.

तुझी ताई,
सुनीती

केळापूर, २९ एप्रिल

प्रिय नरहर,

सलाम. नीट पोचलास ते मितालीने कळवलं. तू कळवलं नाहीस. डबा परत पाठव, तो मैनाबाईचा आहे.

तू आलास. सकाळी निघायच्या वेळी ओसरीसमोर रिक्षातून उतरलास तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलंही नाही असं तुला वाटलं असेल. हातातलं तांब्याभर पाणी सांडलं होतं, तेच पुसत होते.

दगड उचलताना तू डोळे मिटून उभा होतास. एका बाजूला क्षितिज, एका बाजूला अश्वजित, आणि मधे कारागीर ओरडत होता, "ब्रदर, तुमची बाजू वर घ्या!" ब्रदर म्हटल्यावर तू डोळे उघडलेस आणि हात पुढे केलेस. मी पाहिलं. नंतर खाली घेतलेस, तेही पाहिलं.

प्रार्थना दाजींना आवडली असती. उन्हात पुंडलिकराव दोनदा खाली बसले, तरी तू थांबला नाहीस. मग घरच्यांची नावं घ्यायला लागलास. माझं घेतलंस. शांता, मिताली. मग म्हणालास, "क्षितिज, आणि..."

आणि थांबलास.

इतका वेळ थांबलास की मी एक डोळा उघडला. तुझे ओठ हलत होते. अश्वजितने मान खाली घातली होती, क्षितिज त्याच्याकडे पाहत नव्हता, मुद्दाम. मग तू खोकलास आणि म्हणालास, "आणि सर्व मंडळी."

आमेन सगळ्यांनी म्हटलं. मीही.

दुपारी तुला घेरी आली ती मी कुणाला सांगितलेली नाही. अश्वजित रक्तदाबाचं यंत्र घेऊन आला तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून झोपलास, पण बाही वर केलीस. त्याने आकडा सांगितला, तू भिंतीलाच विचारलंस, "जास्त आहे का?" तो म्हणाला, "सर, सकाळची गोळी संध्याकाळी घेत जा." घेतोस का? घेत जा. रात्री तू घोरलास. आतून दोघांचं हसू ऐकू आलं. एका छपराखाली जे काय झालं ते एवढंच.

जाताना क्षितिजच्या डोक्यावर हात ठेवलास. अश्वजितला म्हणालास, "येतो." मला यापेक्षा जास्त हवं होतं, हे खोटं कशाला बोलू. पण तुझ्या त्या थांबण्यात मी चार दिवस काढले आहेत. तुझ्या मनात नाव आलं होतं. जिभेपर्यंत आलं होतं. पुढच्या वर्षी तेवढं ओठाबाहेर काढ. चारच अक्षरं आहेत, त्यातलं एक जोडाक्षर. तोवर सराव कर, तिकडे शांतासमोर.

इकडे घरात मात्र त्याचं नाव बदललं. परवापासून क्षितिज त्याला हाक मारतो, "सर्व मंडळी, पाणी तापलं." मैनाबाईसुद्धा काल विचारत होती, "सर्व मंडळी कधी जाते नागपूरले?" आधी तो चिडला. आता ओ देतो. संध्याकाळी ताटं काढताना मीच म्हटलं, "सर्व मंडळी, बसा जेवायला." तीन ताटं काढली होती. परत ठेवायचं एकही उरलं नाही.

उद्या दोघे जातील. मग माझी मी आहेच.

तब्येत सांभाळ. शांताला आणि मितालीला आशीर्वाद. सर्व मंडळी समोर बसून भेंडी चिरते आहे, आणि तुला जय भीम सांगते आहे.

तुझी ताई,
सुनीती